आधी खुणा, मग कात्री : ध्वनिसंपादनाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच कामाभोवतीचे आहेत : लांबलचक रेकॉर्डिंगमधली गाणी, भाषणं किंवा माणसांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये नीट मांडणं. उदाहरणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घेतलं आहे. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि या कामाला लागणारं सगळं त्यात आहे. मेन्यूंची नावं ३.४ आणि त्यानंतरच्या ३ मालिकेतल्या आवृत्त्यांप्रमाणे दिली आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड समजावं. फक्त कंट्रोल-एमऐवजी तिथे कमांड आणि पूर्णविराम दाबावा लागतो.

प्रश्न : कॅसेटची एक बाजू संगणकावर घेतली आहे. ४५ मिनिटांची एकच फाइल झाली, त्यात आठ गाणी आहेत. प्रत्येक गाणं वेगळं हवं आहे. सॉफ्टवेअर उघडलं की मेन्यूंची गर्दी पाहूनच गोंधळायला होतं. नेमकं काय काय शिकावं लागेल?

फार थोडं. आवाजाचा आलेख लहान-मोठा करून पाहणं, हवा तो भाग निवडणं, लेबल लावणं, फेड देणं (आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं) आणि एक्सपोर्ट करणं (ऐकण्याजोगी फाइल बाहेर काढणं), एवढं आलं की तुमचं काम होतं. इफेक्ट्सचा लांबलचक मेन्यू पहिले काही दिवस उघडलाच नाही तरी बिघडत नाही.

यातली लेबलं सर्वांत महत्त्वाची. नवशिका माणूस बहुधा पहिलं गाणं निवडतो, कॉपी करतो, नव्या खिडकीत पेस्ट करून सेव्ह करतो आणि मग दुसऱ्या गाण्याकडे वळतो. या पद्धतीत सीमा पाव सेकंद चुकल्याचं नंतर लक्षात आलं, तर तो तुकडा पुन्हा मुळापासून काढावा लागतो. आवाजाची पातळी बदलायची तर आठ फाइली उघडाव्या लागतात. लेबल म्हणजे ध्वनीला धक्का न लावता खाली केलेली खूण. ती कितीही वेळा सरकवा, ध्वनी अखंडच राहतो. सगळ्या खुणा मनासारख्या झाल्या की एकाच एक्सपोर्टमध्ये आठही फाइली बाहेर पडतात.

आता क्रम. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. दुसरी प्रत ऑडॅसिटीत उघडून प्रोजेक्ट, म्हणजे ऑडॅसिटीची कामाची फाइल, लगेच सेव्ह करा. डिस्कवर जागा आहे ना, हे इथेच पाहून घ्या. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोट स्वरूपात (ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याला, म्हणजे क्षणिक मोजमापाला, ३२ बिट) काम करतं, त्यामुळे ४४.१ किलोहर्ट्‌झच्या स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे २१ एमबी लागतात. ४५ मिनिटांचे साधारण ९५० एमबी झाले. संपूर्ण ट्रॅकवर एखादा इफेक्ट चालवला की अनडूसाठी जुनी प्रतही राखून ठेवली जाते, म्हणजे तेवढीच जागा पुन्हा जाते. ५ जीबी मोकळे असले म्हणजे निर्धास्त राहता येतं.

त्यानंतर सुरुवातीची खरखर, बटणाचा खटका आणि शेवटची रिकामी टेप हे सगळं निवडून डिलीट करा. हे लेबलं लावण्याआधीच करायचं. नंतर केलंत तर ध्वनी मागे सरकतो, पण लेबलं जागच्या जागी राहतात आणि पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. नंतर काही काढावंच लागलं, तर आधी ट्रॅक्स मेन्यूतलं सिंक-लॉक चालू करा, मग ध्वनीबरोबर लेबलंही सरकतात.

कंट्रोल-एफ दाबलं की अख्खी बाजू पडद्यावर मावते आणि दोन गाण्यांमधल्या बारीक जागा दिसू लागतात. त्या जागेच्या थोडं आधी क्लिक करून ऐकायला लागा. गाणं सुरू होताक्षणी कंट्रोल-एम दाबा, नाव टाइप करा आणि एंटर दाबा. एंटर विसरलात तर लेबलाची चौकट उघडीच राहते आणि थांबवण्यासाठी दाबलेला स्पेसबार नावातच मोकळी जागा टाकत बसतो. पहिल्या गाण्याच्या आरंभीही लेबल हवंच.

कान ऐकतो आणि बोट दाबतं, यात थोडा वेळ जातोच. त्यामुळे ऐकता ऐकता लावलेली खूण हमखास उशिरा पडते. ती जागा कंट्रोल-१ने मोठी करून पाहा आणि लेबलाचा मधला गोल धरून ते मागे ओढा. खूण पहिल्या स्वराच्या ०.२ ते ०.३ सेकंद आधी असावी. अगदी चिकटवून लावली तर गाणं दचकून सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि काही प्लेअर फाइलचा पहिला क्षणार्ध गिळतात तेही वेगळंच. ओढताना मात्र जपा : गोलाऐवजी बाजूचा बाण धरला गेला, तर बिंदूचं लेबल पसरून त्याचा पट्टा होतो. बिंदूच्या लेबलापासून पुढच्या लेबलापर्यंतचा सगळा ध्वनी फाइलमध्ये जातो, पण पट्ट्याच्या लेबलातून फक्त पट्ट्याएवढाच. पाच मिनिटांच्या गाण्याची अर्ध्या सेकंदाची फाइल निघाली, तर कारण बहुधा हेच असतं.

शेवटी फाइल मेन्यूतलं ‘एक्सपोर्ट ऑडिओ’. तिथे ‘मल्टिपल फाइल्स’ निवडा, विभागणी ‘लेबल्स’वर ठेवा आणि नावासाठी लेबलाच्या आधी क्रमांक येईल तो पर्याय घ्या. जपून ठेवायची प्रत वॅव्ह किंवा फ्लॅकमध्ये काढा. ऐकण्यापुरती एमपीथ्री नंतर कधीही काढता येते. फ्लॅकमध्ये काहीही गमावलं जात नाही आणि फाइल बऱ्याचदा वॅव्हच्या निम्म्याच्या आसपास येते.

फाइली बाहेर आल्या की प्रत्येकीचे पहिले तीन आणि शेवटचे पाच सेकंद ऐका. सगळ्या फाइलींच्या वेळेची बेरीज छाटलेल्या प्रोजेक्टच्या वेळेएवढी येते का, तेही पाहा. कमी भरली तर कुठेतरी पट्ट्याचं लेबल राहून गेलं आहे किंवा पहिल्या लेबलाआधीचा भाग सुटला आहे.

जाता जाता आणखी एक काम उरका. ‘एक्सपोर्ट अदर’मध्ये लेबलं साध्या मजकुराच्या फाइलीत काढता येतात. प्रत्येक ओळीत आरंभ, शेवट आणि नाव असतं. ही छोटीशी फाइल मूळ रेकॉर्डिंगशेजारी ठेवली, तर प्रोजेक्ट हरवला तरी तुमच्या खुणा वाचतात.

प्रश्न : लेबलं आपोआप लावणारी सोय वापरून पाहिली. एका कॅसेटवर आठ गाण्यांची एकतीस लेबलं आली, दुसरीवर एकच. असं का?

ॲनलाइझ मेन्यूतलं ‘लेबल साउंड्स’ शांतता शोधतं, आणि शांतता म्हणजे काय हे तुम्ही त्याला सांगायचं असतं. एकतीस लेबलं आली याचा अर्थ गाण्यातल्या हळुवार जागाही त्याला शांत वाटल्या. एकच आलं याचा अर्थ टेपची सरसर तुमच्या उंबरठ्यापेक्षा (ज्या पातळीखाली शांतता मानायची त्या आकड्यापेक्षा) वर होती, म्हणून त्याला शांतता सापडलीच नाही.

उंबरठा अंदाजाने ठेवू नका, मोजा. दोन गाण्यांमधली निव्वळ सरसर असलेली एक जागा निवडा आणि त्याच मेन्यूतलं ‘मेजर आरएमएस’ चालवा, ते सरासरी पातळी मोजतं. समजा, −४८ डेसिबल आलं (उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू), तर उंबरठा ५-६ डेसिबल वर म्हणजे −४२ ठेवा आणि मोजमापाचा प्रकारही आरएमएसच ठेवा. किमान शांतता २ सेकंद आणि दोन लेबलांमधलं किमान अंतर ६० सेकंद ठेवलं की गाण्यांच्या अध्येमध्ये पडणारी बरीचशी खोटी लेबलं गळतात. प्रकार ‘पॉइंट बिफोर साउंड’ घ्या.

डोळ्यांवरही फार विसंबू नये. नेहमीच्या आलेखात −४० डेसिबलचा आवाज पूर्ण उंचीच्या १ टक्का दिसतो, म्हणजे सपाट रेघच. तिथे सुरांची आस अजून ऐकू येत असू शकते. आलेखाच्या डाव्या कडेच्या उभ्या मोजपट्टीवर राइट-क्लिक करून येणाऱ्या मेन्यूत डेसिबलचा पर्याय निवडा, मग ही हळुवार शेपटी दिसायला लागते.

व्याख्यान आणि टाळ्यांसकट ध्वनिमुद्रित झालेली मैफल यांच्यासाठी मात्र या सोयीचा नाद सोडा. वक्ता विचार करायला थांबतो तीही शांतता, आणि दोन गाण्यांमध्ये टाळ्या असतात म्हणून तिथे शांतता नाहीच. तिथे हाताने खुणा करणंच लवकर होतं.

प्रश्न : वेगळ्या केलेल्या प्रत्येक ट्रॅकच्या आरंभी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. मूळ फाइलमध्ये तो नाही.

ध्वनीची लाट शून्य रेषेच्या वर-खाली होत असते. ती वर असताना कापली, तर फाइल शून्यातून एकदम त्या उंचीवर उडी मारून सुरू होते. ती उडीच ‘टक्’ म्हणून ऐकू येते.

झेड दाबल्यावर निवडीच्या कडा जवळच्या शून्य ओलांडणीवर सरकतात. मोनोमध्ये याने काम भागतं. स्टिरिओत डावी आणि उजवी लाट एकाच क्षणी शून्यावर क्वचितच येते, म्हणून तिथे हा उपाय अर्धाच लागू पडतो. खात्रीचा उपाय म्हणजे लेबलापासून पुढचे ५ ते १० मिलिसेकंद निवडून ‘फेड इन’ देणं. एवढा छोटा चढ कानाला कळत नाही, उडी मात्र नाहीशी होते. ट्रॅकच्या शेवटी तसाच ‘फेड आउट’. शेवटी दोन गाण्यांमधली सरसर असेल तर तो एक-दोन सेकंदांचाही चालेल. त्या जागी ठार शांतता मात्र घालू नका. सरसर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाली की आजवर लक्षात न आलेली सरसरही ठळक होते.

एकाच नव्हे तर सगळ्या ट्रॅकांवर ‘टक्’ येत असेल, तर शांत जागी आलेख मधल्या रेषेवरच आहे ना, हे खूप मोठं करून पाहा. तो किंचित वर किंवा खाली सरकलेला असेल तर त्याला डीसी ऑफसेट म्हणतात. हा दोष बहुधा साउंड कार्डातून येतो. संपूर्ण ट्रॅक निवडून ‘नॉर्मलाइझ’मधला डीसी ऑफसेट काढण्याचा पर्याय एकदा चालवला की तो जातो.

प्रश्न : मैफलीचं सलग रेकॉर्डिंग आहे. ट्रॅक वेगळे हवेत, पण एकापाठोपाठ ऐकताना मध्ये खंड पडता कामा नये. सीडीवर आणि एमपीथ्रीत दोन्हीकडे अडखळतं.

दोन्हीकडची कारणं वेगवेगळी आहेत.

ऑडिओ सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात आणि ४४.१ किलोहर्ट्‌झच्या हिशोबाने प्रत्येकीत ५८८ नमुने बसतात. ट्रॅकची सीमा फ्रेमच्या कडेवरच यावी लागते. तुमचा ट्रॅक मधेच संपला, तर शेवटची फ्रेम भरण्यासाठी शांतता घातली जाते. ती १३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नसते, पण भरल्या आवाजात तेवढीही ठेच लागते. म्हणून लेबलं लावण्याआधी प्रोजेक्टचा दर सेकंदाला ४४१०० नमुने ठेवा, वेळ दाखवण्याचं स्वरूप ७५ एफपीएसच्या सीडीडीए (ऑडिओ सीडी) फ्रेम्सचं निवडा आणि स्नॅप, म्हणजे क्लिक ठरावीक टप्प्यांवरच बसवणारी सोय, चालू करून तेही सीडीडीए फ्रेम्सवर ठेवा. आता सीमेवर क्लिक करून कंट्रोल-बीने लेबल लावा. ऐकता ऐकता कंट्रोल-एमने लावलेली खूण फ्रेमवरच पडेल याचा भरवसा नाही. सीडी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क ॲट वन्स’ (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडून ट्रॅकांमधला खंड शून्य करा. ‘ट्रॅक ॲट वन्स’मध्ये साधारण २ सेकंदांचा खंड येतोच. सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक मावतात आणि कोणताही ट्रॅक ४ सेकंदांहून छोटा चालत नाही.

एमपीथ्रीत ध्वनी ११५२ नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी साठवला जातो, आणि एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री तयार करणारा प्रोग्रॅम, सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी भर घालतो. खंड पडतो तो या भरीमुळे. लेम एन्कोडर ही भर किती घातली याची नोंद फाइलमध्ये करतो, पण ती नोंद वाचून भर वगळणारा प्लेअर असेल तरच सलग ऐकू येतं. अडखळणं अजिबात नको असेल तर फ्लॅक वापरा. नमुने नेमके तेवढेच राहतात.

सीमा कुठे घ्यावी, हा खरा संपादनाचा प्रश्न आहे. टाळ्या झाल्या त्या आधीच्या गाण्याला, म्हणून त्या त्याच ट्रॅकमध्ये राहाव्यात. टाळ्या ओसरल्यावर आणि पुढचं निवेदन किंवा वाद्यं लावून पाहण्याचे स्वर सुरू होण्यापूर्वी खूण करा. निवेदन लांब असेल तर त्याचा वेगळा ट्रॅक करणं ऐकणाऱ्याच्या सोयीचं. नको असेल तो पुढे जाईल. पण एक निर्णय आधी घ्यावा लागतो. ट्रॅक सलग ऐकायचे असतील तर सीमेवर फेड देऊ नका. सुटे ऐकायचे असतील तर टाळ्यांना २-३ सेकंदांचा उतार आणि पुढच्या ट्रॅकला सेकंदभराचा चढ हवा. एकाच संचात दोन्ही साधत नाही. म्हणून अखंड प्रोजेक्ट आणि लेबलं जपून ठेवा, त्यातून दोन संच सहज निघतात.

प्रश्न : टेपची सरसर काढली तर गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. हे काम ट्रॅक वेगळे करण्याआधी करावं की नंतर?

आधी. अखंड बाजूवर, एकदाच. प्रत्येक ट्रॅकवर वेगळं केलंत तर एका गाण्यात सरसर थोडी, दुसऱ्यात जास्त असा फरक राहतो, आणि सलग ऐकताना तो सरसरीपेक्षा जास्त खुपतो.

‘नॉइज रिडक्शन’ दोन पायऱ्यांत चालतं. पहिल्यांदा निव्वळ सरसरीचा नमुना निवडून त्याची नोंद घ्यायची, मग पूर्ण ट्रॅक निवडून ते लागू करायचं. सॉफ्टवेअर ध्वनीचे वारंवारतेनुसार बारीक पट्टे पाडतं आणि ज्या पट्ट्यात आवाज नमुन्याच्या आसपास आहे तो दाबतं. ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी व्यंजनं आणि विरत जाणारे स्वर त्याच पातळीला असतात. ते क्षणात दाबले जातात, क्षणात सुटतात, आणि त्यातून तो पाणेरी, किलबिलता आवाज तयार होतो. आकडे मोठे ठेवले की हे होणारच. ६ ते ८ डेसिबलवर थांबा. संवेदनशीलता ४ ते ६ पुरते. ‘रेसिड्यू’ हा पर्याय घेऊन पाहा : त्यात काढून टाकलेला भाग तेवढाच ऐकू येतो. तिथे शब्द किंवा सूर ओळखू येत असतील, तर तुम्ही गाणंच काढून टाकता आहात.

नमुना एक-दोन सेकंदांचा, त्याच बाजूचा आणि गाण्यांमधल्या जागेतला घ्या. टेपच्या अगदी आरंभीचा कोरा प्लॅस्टिकचा तुकडा कामाचा नाही, कारण त्यावर चुंबकीय लेपच नसतो आणि म्हणून टेपची सरसरही नसते. नमुना घेतल्यानंतर पातळी वाढवू किंवा कमी करू नका, नाहीतर नमुना आणि ट्रॅक यांचा मेळ तुटतो. क्रम असा ठेवावा : आधी डीसी ऑफसेट, मग खटके, मग सरसर आणि शेवटी पातळी.

मूळ रेकॉर्डिंग मोनो असेल तर याहून निर्मळ उपाय आहे. दोन्ही चॅनेलवर गाणं तेच असतं, सरसर मात्र वेगवेगळी. दोन्ही एकत्र करून मोनो केलं की सरसर गाण्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने उतरते आणि गाण्याला धक्का लागत नाही. कॅसेट डेकचं टेप वाचणारं हेड तिरकं असेल तर मात्र एकत्र करताना तार सप्तकातली धार बोथट होते, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही ऐकून पाहा.

प्रश्न : प्रत्येक ट्रॅक नॉर्मलाइझ केला. तरीही काही गाणी मोठ्याने, काही हळू वाजतात.

नॉर्मलाइझ फक्त सर्वांत उंच शिखर पाहतं. एखाद्या गाण्यात तबल्याची एकच जोरकस थाप असेल, तर तिच्यामुळे सगळं गाणं खालीच अडकतं. संथ बासरी मात्र वर चढून बसते. एकाच बाजूची गाणी असतील तर अखंड बाजू एकदाच −१ डेसिबलला नॉर्मलाइझ करा आणि त्यांच्यातला मूळ फरक तसाच राहू द्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो विचार करून ठेवलेला असतो.

वेगवेगळ्या कॅसेटींमधली गाणी एकत्र आणायची असतील तर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरा. ते शिखराऐवजी कानाला जाणवणारी तीव्रता मोजतं आणि तिचं एकक एलयूएफएस आहे. सगळ्यांना −१८ दिलं तर बहुतेक गाणी शिखरं न कापता शेजारी शेजारी नांदतात. पण हा इफेक्ट शिखरांना अडवत नाही. ती ० डेसिबलच्या वर गेली तरी ३२ बिट फ्लोटच्या प्रोजेक्टमध्ये ती शाबूत असतात, आणि १६ बिटमध्ये एक्सपोर्ट करताना मात्र चपटी होतात. एक्सपोर्टआधी आलेख पाहा. शिखरं कडेला टेकली असतील तर सगळ्या गाण्यांची पातळी सारखीच खाली आणा.

प्रश्न : दोघांच्या संवादाचं रेकॉर्डिंग आहे, एकाचा माइक डाव्या चॅनेलवर आणि दुसऱ्याचा उजव्या. दोन आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवेत. दुसऱ्या एका संवादात दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड केलं, पण शेवटी शेवटी आवाज जुळत नाहीत.

पहिलं सोपं आहे. ट्रॅकच्या मेन्यूत ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ निवडलं की दोन स्वतंत्र ट्रॅक होतात. त्यांना माणसांची नावं द्या आणि एक्सपोर्टमध्ये विभागणी या वेळी ‘ट्रॅक्स’वर ठेवा. दोन्ही फाइलींची लांबी सारखी राहील याची काळजी घ्या. एक जण गप्प असलेला भाग डिलीट करू नका, नाहीतर त्याच्या पुढचं सगळं मागे सरकेल. तो भाग निवडून कंट्रोल-एल दाबलं की तिथे शांतता येते आणि वेळ तेवढीच राहते. बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्येही थोडा शिरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी शांतता न घालता लांब जागांपुरतीच घाला, नाहीतर खोलीचा आवाज सारखा ये-जा करत राहतो.

दुसऱ्यात दोष फोनमधल्या घड्याळांचा आहे. दोन यंत्रांच्या गतीत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदांचं अंतर पडतं. आरंभ जुळवला तरी शेवट सुटतो. यावरचा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करून ठेवायचा असतो : सुरुवातीला एक टाळी आणि संपताना एक टाळी, दोन्ही फोनांना ऐकू जाईल अशी. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही ट्रॅकवर मोजा आणि त्या प्रमाणात एका ट्रॅकचा वेग बदला. ३६०० सेकंदांच्या जागी ३६००.१८ भरले तर त्या ट्रॅकचा वेग ०.००५ टक्क्याने वाढवायचा. स्वरात पडणारा फरक कानाला कळत नाही. टाळ्या नसतील तर दोन्हीकडे ऐकू येणारा एखादा ठसठशीत शब्द आरंभी आणि शेवटी शोधा.

प्रश्न : तयार केलेली फाइल पाठवली, पण समोरच्याला ती वाजवता येत नाही. नावाच्या शेवटी ‘एयूपी३’ असं आहे.

तो ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट आहे, ध्वनीची फाइल नव्हे. तो फक्त ऑडॅसिटीतच उघडतो. ‘सेव्ह’ने काम जपलं जातं, ऐकण्याजोगी फाइल ‘एक्सपोर्ट’नेच निघते. ३.० पूर्वीच्या आवृत्त्यांत प्रोजेक्टच्या शेजारी डेटाचं वेगळं फोल्डर असायचं. तुमच्याकडे तशी जुनी कामं असतील तर दोन्ही नेहमी एकत्रच हलवा. फोल्डर मागे राहिलं तर प्रोजेक्ट रिकामा उघडतो.

प्रश्न : प्लेअरमध्ये गाणी १, १०, ११, २ अशा क्रमाने लागतात. आणि लेबलांना देवनागरीत नावं दिली तर चालतात का?

फाइलींचा क्रम बरेच प्लेअर अक्षरांप्रमाणे लावतात, आकड्यांच्या किमतीप्रमाणे नाही. क्रमांक दोन अंकी ठेवा, ०१, ०२ असे. शंभराच्या वर ट्रॅक असतील तर तीन अंकी. देवनागरी नावं संगणकावर आणि फोनवर बिनघोर चालतात. काही जुन्या यंत्रांवर नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून निदान क्रमांक तरी आंतरराष्ट्रीय अंकांत असावा. नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह टाळा, विंडोज ती स्वीकारत नाही. गायक, संग्रह आणि ट्रॅक क्रमांक हे मेटाडेटात, म्हणजे फाइलीच्या आत साठवल्या जाणाऱ्या माहितीतही भरा. वॅव्हमधला मेटाडेटा पुष्कळ प्लेअर वाचत नाहीत, फ्लॅक आणि एमपीथ्रीतला वाचतात.

प्रश्न : माझ्याकडे मूळ रेकॉर्डिंगच एमपीथ्रीत आहे. ट्रॅक वेगळे करून पुन्हा एमपीथ्री केलं तर दर्जा घसरतो का?

घसरतो. ऑडॅसिटीत उघडताना एमपीथ्री फाइल उलगडली जाते आणि एक्सपोर्ट करताना पुन्हा दाबली जाते. दर वेळी थोडं गळतं. फक्त कापायचंच असेल, तर एमपीथ्री डायरेक्ट कट हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर फाइल न उलगडताच कापतं. त्यात सीमा गठ्ठ्याच्या कडेवरच घेता येते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झला सुमारे २६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने. गाण्यांमध्ये जागा असेल तर एवढी अचूकता भरपूर आहे. फेड, सरसर काढणं किंवा इतर काही करायचं असेल तर ऑडॅसिटीच लागेल. मग निकाल फ्लॅकमध्ये जपा आणि ऐकण्यासाठी त्यातून एकदाच एमपीथ्री काढा : संगीताला १९२ ते २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), मोनो भाषणाला ६४. या दराने एक तासाचं भाषण सुमारे २९ एमबीत बसतं.